चौरस फुटांतली समता

घर नसलेल्याला घर मिळावे, याला उघड विरोध करणारा माणूस आज महाराष्ट्रात शोधूनही सापडणार नाही. सरकार 'सर्वांसाठी घरे' म्हणते, घरबांधणी करणाऱ्या सेवाभावी संस्था आपल्या अहवालांत 'समतेशी बांधिलकी' लिहितात आणि त्यांना देणग्या देणारे उद्योगपतीही तोच शब्द उच्चारतात. इतक्या परस्परविरोधी हितसंबंधांच्या तोंडी एकच शब्द आला की समाजवाद्याने सावध व्हावे. बांधलेल्या घरांच्या संख्येवरून समतेशी असलेली बांधिलकी कळत नाही. घर कोणत्या मापाने वाटले आणि ते कोणाच्या जमिनीवर उभे राहिले, हे विचारल्यावरच ती कळते. हिंगोली जिल्ह्यातील साथींनी हे प्रश्न आत्ताच विचारावेत, याला एक विशेष कारण आहे.

२१ मार्च २०२४ रोजी सकाळी हिंगोली, नांदेड आणि परभणी जिल्ह्यांना ४.५ तीव्रतेचा भूकंपाचा धक्का बसला. त्याच वर्षी १० जुलैला तेवढ्याच तीव्रतेचा दुसरा धक्का बसला. दोन्हींचे केंद्र हिंगोली जिल्ह्यात होते. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदेच्या परिसरात तर जमिनीतून येणारे आवाज लोक कित्येक वर्षे ऐकत आले आहेत. मोठी हानी झाली नाही, म्हणून विषय वर्तमानपत्रांतून लवकरच नाहीसा झाला. परंतु ज्या मराठवाड्याने किल्लारी भोगली, त्याला तो विसरण्याची चैन परवडणारी नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे मेली. ती प्रामुख्याने जाड दगडमातीच्या भिंतींखाली आणि जड माळवदांखाली गाडली गेली. त्यानंतर देशभरातून मदतीचा ओघ लागला. स्वयंसेवी संस्था, उद्योगसमूह, वृत्तपत्रे, धर्मादाय न्यास अशा अनेकांनी गावे दत्तक घेतली. जागतिक बँकेचे कर्ज आले. पूर्णतः उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसवायचे ठरले. इतका पैसा, इतकी सदिच्छा आणि कोरी जमीन यांचा असा योग मराठवाड्याच्या इतिहासात पूर्वी आला नव्हता. गावकुसाची रेघ कायमची पुसण्याची ती संधी होती.

त्या संधीचे काय झाले? नव्या गावांतील घरांचे क्षेत्रफळ सातबाऱ्यावरून ठरले. भूमिहीनाला आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्याला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४००, आणि सात हेक्टरांहून अधिक जमीन असणाऱ्याला ७५० चौरस फूट. कुटुंबात माणसे किती, म्हातारी-कोतारी किती, हे मुख्य माप नव्हते. ज्याच्याकडे जमीन अधिक, त्याला सार्वजनिक पैशातून घरही तिप्पट!

या दंडकाच्या समर्थनार्थ असे सांगितले जाते की मोठ्या शेतकऱ्याचे घर मोठे होते, त्याची हानी मोठी, शिवाय त्याला धान्य, अवजारे, बैल ठेवायला जागा लागते. मजुराला जे मिळाले ते त्याच्या पूर्वीच्या झोपडीपेक्षा पक्के होते, असेही सांगतात. यातले दुसरे म्हणणे पुष्कळसे खरे आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु गेलेल्या मालमत्तेची भरपाई आणि माणसाच्या निवाऱ्याचा हक्क या दोन निराळ्या गोष्टी आहेत. धान्याला कोठार हवे असेल तर कोठार बांधावे, त्यासाठी निराळे कर्ज द्यावे. शेळी मजुराकडेही असते, सरपण त्यालाही साठवावे लागते. आणखी असे, की घरे जेथे गटवार ओळींत मांडली गेली तेथे जमीनदाराची ओळ आणि मजुराची ओळ नकाशावरच वेगळी झाली. मराठवाड्यात भूमिहीन कोण आणि जमीनवाला कोण, हे जातीचे नाव न घेताही सर्वांना ठाऊक असते. जुने गावकूस परंपरेने घातले होते, हे नवे अभियंत्याने आखले.

येथे एका संस्थेचा उल्लेख केलाच पाहिजे. जी गावे हलवायची नव्हती, तेथील घरांच्या दुरुस्ती-मजबुतीच्या कामात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या स्त्रियांना 'संवाद सहायक' म्हणून उभे केले. बांधकामाचा हिशेब विचारण्याचा अधिकार चुलीपाशी बसणाऱ्या बाईकडे आला. सेवाभावी संस्थेने करावयाचे काम हे असे असते. देणगीदाराच्या नावाची कोनशिला बसवायला कोणीही ठेकेदार पुरतो.

आता हिंगोलीकडे वळू. आजची घरकुल योजना कागदावर किल्लारीच्या दंडकापेक्षा निःसंशय न्याय्य आहे. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) सर्वांना किमान २५ चौरस मीटरांचे एकच माप आहे, बेघर आणि कच्च्या घरात राहणारे अग्रक्रमाने येतात. दुचाकी असली की नाव कापण्याची मूर्ख अटही २०२४ मध्ये काढली गेली. मग अडते कोठे? जमिनीपाशी. योजना घर देते, जागा गृहीत धरते. कळमनुरी, औंढा भागातला आंध आदिवासी, तांड्यावरचा बंजारा, गायरानावर दोन पिढ्या राहिलेला दलित मजूर यांच्यापैकी अनेकांच्या पायाखालची जागा त्यांच्या नावावर नाही. ज्याला घराची सर्वाधिक गरज, तोच कागदाअभावी यादीत खोळंबतो. जागा विकत घेण्यासाठी शासनाचे अर्थसाहाय्य आहे, ते पूर्वी ५० हजार होते, आता एक लाख आहे. पण गावात भूमिहीनाला जागा विकणार कोण, हा प्रश्न कोणत्याही शासननिर्णयात नसतो.

गायरानाचा प्रश्न उपस्थित केला की न्यायालयाकडे बोट दाखवले जाते. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाने गायरानांवरील अतिक्रमणांची दखल घेतल्यावर राज्यभर नोटिसा निघाल्या. त्या देणारे अधिकारी एक गोष्ट विसरतात. ज्या २०११ च्या जगपाल सिंग निकालाचा आधार घेतला जातो, त्यातच भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना शासनाने दिलेल्या जमिनींचा अपवाद केलेला आहे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी १९६४ साली तुरुंग भरले ते याच मागणीसाठी. आणि १९७८ च्या नामांतर-विरोधी दंगलीत मराठवाड्यात दलितांची घरे जाळली गेली, हेही विसरता येत नाही. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्याचा भाग होता. ज्यांच्या घरांना आग लागली, त्यांच्या वारसांना आज 'अतिक्रमणधारक' म्हणून नोटीस मिळत असेल, तर समतेच्या गप्पा त्यांना सांगू नयेत.

म्हणून साथींनी ग्रामसभेत आग्रह धरावा तो घरकुलांच्या आकड्याचा नव्हे, यादीतील भूमिहीनांच्या जागेचा. कोणतीही संस्था जिल्ह्यात घरे बांधायला आली तर तिचे स्वागत करावे, आणि पहिल्याच बैठकीत विचारावे: जागा कोणाच्या नावावर होणार, बाईचे नाव त्यावर असणार का, दलित वस्ती आणि तांडा गावठाणाला जोडला जाणार की पुन्हा ओढ्यापलीकडे ढकलला जाणार? एक व्यावहारिक मुद्दा राहतो, तो किरकोळ वाटला तरी नाही. घरकुलाचे हप्ते कामाच्या टप्प्यानुसार, छायाचित्र काढून मिळतात. जोत्याचे छायाचित्र काढायला कर्मचारी येतो तेव्हा ऊसतोडीला गेलेले कुटुंब कारखान्याच्या फडावर असते. दिवाळीनंतर गेलेली माणसे उन्हाळ्यात परततात, म्हणून त्यांच्या हप्त्यांचे वेळापत्रक त्या महिन्यांना बांधून द्यावे, एवढी मागणी जिल्हा परिषदेकडे यंदाच करता येईल.