खारेपाटाचं पाणी घेऊनच शेवाळाच्या विषाची तपासणी घडवा

प्रति,
मुख्य कार्यकारी अधिकारी, रायगड जिल्हा परिषद, अलिबाग;
आयुक्त, अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र;
कुलगुरू, डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ, लोणेरे


उन्हाळा चढला की पेणच्या खारेपाटात तळी आटतात आणि उरलेल्या पाण्यावर हिरवी साय धरते. हेटवणे धरणाचं पाणी नवी मुंबईपर्यंत पोचतं. खारेपाटातल्या वाशी, शिर्कीकडे मात्र टँकरची वाट पाहावी लागते. टँकर चुकला की तळ्यावरची साय सारून हंडा भरायचा, फडक्याने गाळायचा आणि उकळायचा. उकळलं की पाणी निर्धोक झालं, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या मानत आलो.

जंतूंच्या बाबतीत ते खरं आहे. पण नील-हरित शेवाळाच्या काही जाती मायक्रोसिस्टिन नावाचं विष तयार करतात. ते यकृतावर घाला घालतं आणि उकळून जात नाही. जिवंत शेवाळ असलेल्या पाण्यात टीसीएल पावडर टाकली तर पेशी फुटून आतलं विष पाण्यात उतरू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेने मायक्रोसिस्टिन-एलआरची मर्यादा लिटरमागे 1 मायक्रोग्रॅम ठरवली आहे. एवढ्याशा विषाला ना चव, ना वास. 2014 साली अमेरिकेतल्या टोलेडो शहरात याच विषामुळे लाखो लोकांना नळाचं पाणी पिऊ नका, उकळूही नका, असं सांगावं लागलं होतं.

रोह्याची काळजी निराळी. कुंडलिका नदी खाली रेवदंड्याच्या खाडीला मिळते. सुकती लागली की बायका कालवं, तिसऱ्या काढायला उतरतात, त्यावर घर चालतं. समुद्री शेवाळाचं विष शिंपल्यांत साठतं. शिंपली ठणठणीत राहते, खाणाऱ्याचे ओठ बधिर होतात, श्वास अडतो. केरळात विळिंजमला 1997 मध्ये शिंपले खाऊन 7 माणसं दगावली, शेकडो आजारी पडली. आपल्याकडे असं घडलं आहे, असा माझा आरोप नाही. घडण्याआधी कळावं, एवढंच मागणं आहे.

जलजीवन मिशनमध्ये गावोगाव पाच महिलांना पाणी तपासायला शिकवलं जातं. त्यांच्या किटमध्ये क्लोराइड, नायट्रेट, फ्लोराइड कळतं. शेवाळाचं विष कळत नाही. तिथेच डीएनएचा उपयोग आहे. प्रयोगशाळेत डीएनएचे अब्जावधी निरनिराळे छोटे धागे घेऊन त्यांतून नेमक्या विषाला बिलगणारा धागा निवडता येतो. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपासून ही पद्धत जगाला ठाऊक आहे. विषाच्या चाचणीसाठी उंदीर मारावे लागत नाहीत, आणि कोरडा धागा उकाड्यातही टिकतो. सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात सुटे असले की लाल दिसतात, मिठाने गोळा झाले की निळे. धागे कणांना चिकटून त्यांना सुटे राखतात. विष आलं की धागे विषाकडे जातात, कण उघडे पडतात, रंग पालटतो. पट्टीवरचा हा रंग आमच्या महिलांना डोळ्यांनी वाचता येईल.

पण ज्या मिठावर ही खूण चालते, ते मीठ खारेपाटाच्या पाण्यात आधीच आहे. शुद्ध पाण्यावर जुळवलेली पट्टी इथे विष नसतानाही निळी पडेल. दोन खोट्या इशाऱ्यांनंतर तिसऱ्या खऱ्या इशाऱ्यावर कोण विश्वास ठेवील? म्हणून बाहेरून तयार पट्ट्या विकत घेऊन वाटू नका. हेटवण्याचं गोडं पाणी, वाशीच्या तळ्याचं मचूळ पाणी आणि कुंडलिकेच्या मुखाकडचे शिंपले, तिन्ही हाताशी घेऊन हे संवेदक घडवा. शिंपल्यांचं काम सर्वांत कठीण आहे, कारण मांसातून विष आधी वेगळं काढावं लागतं. ते अन्न व औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळेने अंगावर घ्यावं. लोणेऱ्याहून रोहा दूर नाही. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि पवईची आयआयटीही फार लांब नाहीत. पट्टीचा प्रत्येक इशारा जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पडताळला गेला पाहिजे, आणि तोवर त्या गावाला दुसरं पाणी मिळालं पाहिजे. नाहीतर नुसत्या निळ्या रंगाचं त्या बाईने काय करायचं?

येत्या मार्चपासून जूनपर्यंत दर पंधरवड्याला नमुने घ्यायला सुरुवात करा. तळ्यावर कुठून उतरायचं, साय कोणत्या कोपऱ्यात आधी धरते, हे आमच्या बायकांना पाठ आहे. त्या दाखवतील, बाटल्या मी भरून पेणला आणून देईन.

आपला नम्र,
खारेपाटातला एक रहिवासी