बल्ब विझवा, मोटर चालू राहू द्या

उन्हाळा लागला की विजेचे उपदेश सुरू होतात. खोलीतून निघताना दिवा बंद करा, टीव्ही रिमोटवर सोडू नका, एसी चोवीसवर ठेवा. एप्रिल 2022मध्ये कोळशाची ओढाताण होती आणि राज्याची मागणी 28 हजार मेगावॉटच्या आसपास पोहोचली होती. तेव्हाही सकाळ-संध्याकाळ वीज जपून वापरा, असं आवाहन झालं. त्यात चुकीचं काहीच नव्हतं. पण एवढं सांगून आपण मूळ प्रश्नाला बगल देतो, अशी माझी तक्रार आहे. आणि ही बगल देण्यात आम्ही नगर जिल्ह्यातले शेतकरीही सामील आहोत.

आधी साधा हिशोब. पाच हॉर्सपॉवरची मोटर तासाला जवळपास पावणेचार युनिट खाते. आठ तास चालली की तीस युनिट. घरात नऊ वॅटचे दहा बल्ब रोज पाच तास लावले, तर तीस युनिट संपायला दोन महिने लागतात. माझ्या विहिरीवर अशी मोटर आहे आणि तिच्या पाण्यावर दोन एकर ऊस आहे. पोरांनी बाथरूमचा दिवा चालू ठेवला म्हणून मी ओरडतो. मोटर रात्रभर चालली, तर मला पत्ताही नसतो.

पत्ता नसण्याचं कारण ऑटोस्विच. शेतीची थ्री फेज वीज चक्राकार येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. शहर निजल्यावर उरलेली वीज आमच्या वाट्याला. राहुरी-संगमनेर-अकोल्याच्या पट्ट्यात रात्री बांधावर जायचं म्हणजे बिबट्या, साप आणि चिखल. कोण जाणार? मग वीज आली की मोटर आपोआप सुरू व्हावी, अशी सोय आम्ही करून ठेवली. डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकाच क्षणी सुरू होतात. सुरू होताना मोटर नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते, डीपी जळते, आणि आम्ही वर्गणी काढत साहेबांच्या नावाने शिव्या घालतो. कपॅसिटर बसवला, तर तेच पाणी उपसताना तारेतून कमी करंट वाहतो. मोटरीच्या किमतीपुढे त्याची किंमत किरकोळ. तरी आमच्याकडे तो बहुतेकांनी बसवलेला नाही. आणि पाणी? सरी भरली तरी वाहतंय, बांध फुटला तरी वाहतंय.

म्हणून माझं म्हणणं असं की, शेतीला दिवसा वीज देणं ही शेतकऱ्यावर केलेली मेहरबानी नाही, तो मागणी कमी करण्याचा उपाय आहे. दिवसा पाणी भरणारा माणूस जागा असतो. सरी भरली की तो दारं मोडतो, वाफे झाले की मोटर बंद करतो. सौर कृषी वाहिनीचे पहिले प्रयोग 2017मध्ये ज्या गावांत ठरले, त्यांत आमच्याच जिल्ह्यातलं राळेगणसिद्धी होतं. ते गावोगाव व्हायला इतकी वर्षं का लागावीत?

मागणी कमी करण्याचा एक शहाणा प्रयोग महाराष्ट्राने केला होता, आणि तो आज कुणाला आठवत नाही. 2005नंतरच्या भारनियमनात खेड्यांत बारा-बारा तास अंधार असे. तेव्हा अक्षय प्रकाश योजना आली. संध्याकाळच्या ऐन मागणीच्या वेळी गावाने मिळून मोटरी आणि पिठाच्या गिरण्या बंद ठेवायच्या, फक्त दिवे, पंखे, टीव्ही चालवायचे. बदल्यात गावाला अंधारातून सुटका. यात उपदेश नव्हता, करार होता. एकाने लबाडी केली की सगळ्या गावाचा उजेड जाणार, म्हणून गाव स्वतःवर नजर ठेवी. पुढे सिंगल फेज आलं, तर आम्ही कंडेन्सर लावून त्यावरही मोटरी ओढल्या. शेवटी गावठाणाचं फीडर शेतीपासून वेगळं करावं लागलं. विश्वासाचं काम तारेवर सोपवलं गेलं.

त्याच काळात, 2006मध्ये, पुण्याने भारनियमनातून मोकळं होण्याचा दुसरा मार्ग काढला. कारखान्यांनी स्वतःचे जनरेटर चालवायचे आणि त्याचा जादा खर्च ग्राहकांनी बिलातून सोसायचा. पुण्याने पैसे देऊन उजेड घेतला, खेड्याने मोटर बंद ठेवून. दोन्ही व्यवहार चोख होते. आज मात्र ना पैशांचा व्यवहार, ना कराराचा. उरलंय नुसतं आवाहन.

आवाहन करणाऱ्यांनी आधी आपल्या खांबांकडे पाहावं. आमच्या फाट्यावरचा हायमास्ट भर दुपारी दोनला जळत असतो. पथदिव्यांच्या थकीत बिलांवरून ग्रामपंचायती आणि वीज कंपनी यांच्यात वाद होतात, पण त्या दिव्याला टायमर लावायचं कुणाच्या डोक्यात येत नाही.

आता माझ्याच पंगतीला न रुचणारं बोलतो. एप्रिल 2024पासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे. मीही लाभार्थी आहे आणि ती नको म्हणण्याइतका मोठा नाही. पण जे फुकट आहे आणि मोजलंही जात नाही, ते कुणी वाचवत नाही. ‘आधी एसीवाल्यांना सांगा’ हे उत्तर मला तोंडपाठ आहे. संध्याकाळच्या ताणात शहराचा वाटा मोठा, हेही खरं. पण त्याने माझ्या सरीतून वाहून जाणारं पाणी थांबत नाही. पंजाबने 2018मध्ये एक वाट दाखवली: वीज मोफतच, पण मीटर लावायचा, ठरलेल्या कोट्यातून जेवढी वाचेल तेवढ्याचे पैसे शेतकऱ्याला द्यायचे. सबसिडी तीच, फक्त वाचवणाऱ्याच्या खिशात काहीतरी पडतं.

आणि हिवरे बाजार तर घरचंच उदाहरण. पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवायची, शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही, ऊस लावायचा नाही. पोपटराव पवारांच्या गावाकडे सगळे पाण्याचा धडा म्हणून पाहतात. मला तो विजेचाही दिसतो. साठ फुटांवरून जेवढं पाणी येतं, तेवढंच तीनशे फुटांवरून उपसायला सुमारे पाचपट वीज लागते. भूजल वर ठेवणं हीच सगळ्यात मोठी वीजबचत आहे.

सहकार हा आमच्या जिल्ह्याचा अभिमान. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना प्रवरेकाठचा. विजेचाही सहकार आम्ही केला होता. श्रीरामपूरची मुळा-प्रवरा वीज संस्था चार दशकं चालली, थकबाकीत रुतली आणि 2011मध्ये तिचा कारभार महावितरणकडे गेला. वीज वाटून घेण्यासाठी आम्ही एकत्र आलो, मोजून वापरण्यासाठी नाही. तो उरलेला सहकार डीपीपासून सुरू करता येईल. प्रत्येक डीपीला मीटर, दिवसा आठ तास वीज, आणि वाचलेल्या युनिटचे पैसे त्या डीपीवरच्या सगळ्यांना मिळून. सरकारकडे एवढं मागावं, आणि बदल्यात ऑटोस्विच काढायचा शब्द द्यावा.

आमच्या डीपीवर चौदा मोटरी आहेत. यंदा मी ऑटोस्विच काढला, कपॅसिटर बसवला. आणखी दोघांनी तेच केलं. उरलेले अकरा जण म्हणतात, तुमच्या तिघांच्या वाचलेल्या विजेवर आमच्या मोटरी जोरात चालतात. ते खोटं बोलत नाहीत.