मोरीचे पाणी केळीच्या बुंध्याला



चैत्र सरला की विहिरीचा तळ दिसू लागतो आणि आपल्या पायांना भिंगरी लागते. टँकरची वाट पाहायची, रांगेत घागर लावायची, डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन घर गाठायचे. एवढ्या कष्टाचे पाणी तासाभरात मोरीच्या भोकातून बोळात जाते. तिथे डबके साचते, डास होतात आणि उताराला राहणाऱ्या शेजारणीशी तंटा होतो तो वेगळाच.

जरा हिशेब करून पाहा. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने खेड्यात माणशी रोज ५५ लिटर पाणी धरले आहे. पाच माणसांच्या घराला ते २७५ लिटर होते. पिण्याचे, रांधण्याचे आणि संडासाचे वगळले तरी अंघोळ, धुणे आणि भांडी मिळून दीडशे लिटर मोरीतून वाहून जाते. हंडा पंधरा लिटरचा धरला तर हे दहा हंडे झाले. टँकरवर दिवस काढणाऱ्या घरात एवढे पाणी येतच नाही, हे मला ठाऊक आहे. पण त्या घरात चार हंड्यांचे मोल जास्तच.

यात नवे काही नाही. १९७२ च्या दुष्काळात आई आम्हा भावंडांना मोठ्या परातीत उभे करून दोन तांब्यांत न्हाऊ घाली. ते पाणी बादलीत जाई आणि त्यातच शेण कालवून अंगणात सडा पडे. तांदळा-डाळीचे धुवण म्हशीच्या आंबोणात. दारात नळ आला आणि आम्ही हे सारे विसरलो.

मात्र मोरीचे सगळे पाणी सारखे नसते. धुवणाचे पाणी सर्वांत चांगले, ते जनावराला किंवा भाजीच्या वाफ्याला द्यावे. अंघोळीचे झाडांना चालते. खरकट्या भांड्यांच्या पाण्यात तेल आणि शिते असतात, म्हणून ते गाळून घ्यावे. जपायचे ते धुण्याच्या पाण्याला. पावडरीचे पहिले पाणी झाडाला नको, शेवटी खळबळलेले तेवढे घ्या.

हे मी नुकसान सोसून शिकले आहे. माझ्या मागच्या दारी कढीलिंबाचे कमरेएवढे झाड होते. धुण्याचा दगड जवळच, म्हणून दोन उन्हाळे पावडरीचे सगळे पाणी त्याच्या आळ्यात सोडले. पहिल्या वर्षी काही जाणवले नाही. दुसऱ्या वर्षी आळ्यात पांढरी पापडी धरली, माती दगडासारखी झाली, ओतलेले पाणी वरच तुंबून राहू लागले आणि पानांच्या कडा करपल्या. झाड गेले. पावडरीत आणि धुण्याच्या सोड्यात सोडियमचा क्षार असतो, त्याने काळी माती अशी घट्ट बांधली जाते. पाऊस भरपूर असला तर क्षार धुऊन खाली जातो, पण आपल्या कमी पावसाच्या मुलखात तो साचतच राहतो. तेव्हा आळ्यात पांढरे दिसू लागले की ते पाणी लगेच तोडावे.

आता सोय कशी करायची ते पाहू. मोरीच्या तोंडाशी बुडाला भोके पाडलेला जुना माठ ठेवा आणि त्यात नारळाच्या शेंड्या भरा. केस, शिते, गाळ तिथेच अडतो. आठ दिवसांनी शेंड्या बदला, जुन्या उकिरड्यात पुरा. माठाखालून वीतभर खोल चर काढून तो केळीपर्यंत न्या. चर दोन असावेत. एक आठवडा एक, पुढच्या आठवड्यात दुसरा, म्हणजे जमिनीला सुकायला उसंत मिळते. भर उन्हाळ्यात वाढत्या केळीला दिवसाला पंधरा-वीस लिटर पाणी लागते, तेव्हा दहा हंड्यांत सहा-सात केळी सुखाने जगतील. कडेला अळू आणि कर्दळ लावा. अळू कोणी कच्चे खात नाही, म्हणून चालते. कोथिंबीर, मेथी, मुळा, गाजर यांना मात्र हे पाणी मुळीच नको. पाणी बुंध्याशी द्यावे, पानांवर शिंपडू नये. पिंपात साठवूनही ठेवू नये, दुसऱ्या दिवशी वास मारते. तान्ह्या बाळाची दुपटी किंवा आजारी माणसाचे कपडे धुतलेले पाणी संडासातच टाकावे. विहीर किंवा हातपंप पन्नास फुटांच्या आत असेल तर चराची जागा बदला.

परसच नाही, असेही पुष्कळजणींचे असेल. त्यांनी घराच्या कडेला वावभर नव्हे, हात-दोन हात लांबरुंद आणि तेवढाच खोल शोषखड्डा घ्यावा. तळाला मोठे दगड, वर लहान, आणि तोंडाशी तोच भोकांचा माठ. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघर शोषखड्डे घेतले, उघडी गटारे बंद केली आणि गावातले डास हटवले. मात्र मुरमाच्या जमिनीत खड्डा जसे पाणी पितो तसे काळ्या चिकण मातीत पीत नाही. तिथे तो लवकर तुंबतो. काळी जमीन असेल तर मी म्हणेन, खड्ड्याच्या मागे लागू नका, चार हात जागेत का होईना, केळीच लावा.

चर खणायचे काम घरच्या पुरुषमाणसांना सांगा. पाणी आपण आणायचे, वापरायचे आणि त्याची वाटही आपणच काढायची, असे कुठे लिहिलेले नाही. वैशाखात चर आणि माठ तयार ठेवले तर मृगाचा पाऊस पडताच केळीचे मुनवे लावता येतील. मुनवे तलवारीसारख्या अरुंद पानांचे निवडा, रुंद पानांचे जोमाने वाढत नाहीत. डबक्यावरून ज्या शेजारणीशी बोलणे तुटले आहे, तिच्या परसात केळीचे बेट असेल तर तिच्याकडेच मागून पाहा.