दोष थ्री नॉट थ्रीचा नव्हे

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीपासून ‘थ्री नॉट थ्री’ आपल्याकडे थट्टेचा विषय झाली. एके-४७ पुढे, प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट ओढावा लागणारी रायफल अपुरी होतीच; परंतु तेवढ्यावर थांबणे ही सोयीची पळवाट आहे. रायफलीचा सांगाडा पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. झिजते ती नळी. आतील पीळ गुळगुळीत झाले की गोळीला फिरकी मिळत नाही आणि नेम भरकटतो. नवी नळी आणायची कोठून? ईशापूरच्या कारखान्याने १९६० च्या दशकात याच घाटाची ७.६२ मिमीची रायफल काढली. पण अधिक दाबाच्या त्या काडतुसासाठी पोलादच बदलले होते. तिची नळी जुन्या सांगाड्यावर चढवणे म्हणजे शिपायाच्याच जिवाशी खेळ! राहता राहिली काडतुसे. मुंबई पोलिसांचा गोळीबाराचा सराव दारूगोळ्याअभावी रखडला होता, हे राम प्रधान समितीनेच नोंदविले आहे. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताकदिनी या रायफलीला निरोप दिला; ठीकच झाले. मात्र नव्या शस्त्रखरेदीची छायाचित्रे झळकविणाऱ्या गृहखात्यांनी, सुट्या नळ्या किती घेतल्या आणि प्रत्येक शिपायास वर्षाकाठी सरावाची काडतुसे किती मिळतात, हेही जाहीर करावे.