हजेरी अजून संपलेली नाही



हल्ली शहाण्यासुरत्यांच्या सभांमधून एक शब्द फार ऐकू येतो. खाजगीपणा. फोन कोण ऐकतं, मोबाईलात कोण डोकावतं, चौकातल्या कॅमेऱ्यात चेहरा कोण टिपून ठेवतं, यावर परिसंवाद झडतात. चहा-बिस्किटं होतात. आणि आपल्या वस्तीतली पोरं म्हणतात, हा बंगल्यातल्या लोकांचा प्रश्न. दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसं झोपतात, तिथं कसला आलाय खाजगीपणा? दुसरा म्हणतो, मी कुणाची चोरी केलेली नाही, मला कशाची भीती?

आज मी या दोन बोलण्यांवरच लिहितोय. कारण दोन्ही बोलणी आपल्यावर पाळत ठेवणाऱ्यांच्या सोयीची आहेत.

पहिलं बोलणं घेऊ. पाळत मोबाईलबरोबर जन्माला आलेली नाही. ती बंगल्यात पोचली अलीकडे. आपल्या वस्तीत ती दीडशे वर्षं मुक्कामाला आहे. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. माणूस काय करतो ते बघायचंच नाही. कुणाच्या पोटी आला तेवढं बघायचं आणि त्याला गुन्हेगार ठरवायचं. पारधी, कैकाडी, टकारी, मांग-गारुडी, अशी यादीच केली. नाव नोंदवा, ठसे द्या, हजेरी द्या, गाव सोडायचं तर पास काढा. सोलापुरात सेटलमेंट केली आणि तिला काटेरी तारेचं कुंपण घातलं. ही कल्पना साहेबाच्या एकट्याच्या डोक्यातली होती का? छे! जन्मावरून माणसाची लायकी ठरवायची विद्या या मातीत आधीच पिकलेली होती. साहेबानं तिला सरकारी शिक्का मारला, एवढंच.

देश १५ ऑगस्ट १९४७ ला सुटला. ही माणसं सुटली ३१ ऑगस्ट १९५२ ला. पाच वर्षं आणि सोळा दिवस उशिरा. तार तुटली, पण संशय तुटला नाही. लगोलग सराईत गुन्हेगारांचे कायदे आले; मुंबई राज्याचा आला १९५९ ला. पाटी बदलली, फौजदाराची नजर तीच राहिली. बोटांच्या ठशांचं जगातलं पहिलं कार्यालय १८९७ साली कुठं निघालं? लंडनला नाही, कलकत्त्याला. गुलाम देशाच्या लोकांवर तालीम झाली आणि मग ती विद्या मालकाच्या घरी गेली. यंत्र कुठलंही असो, आधी ते अशाच माणसावर चालवून बघतात ज्याच्या ओरडण्याला किंमत नाही.

आता बाबासाहेबांचं बघा. १९८२ साली महाराष्ट्र सरकारनं बाबासाहेब आणि अस्पृश्यांच्या चळवळीची साधनं गोळा करून एक खंड छापला. त्यातला बराच मजकूर आलाय मुंबई पोलिसांच्या गुप्त अहवालांतून! सभेत कोण बोललं, काय बोललं, सगळं टिपलेलं. पाण्यासाठी आणि माणुसकीसाठी उभ्या राहिलेल्या माणसांच्या मागं सरकारचा कारकून वही घेऊन बसलेला. आज आपल्या चळवळीचा इतिहास लिहायचा तर खबऱ्याच्या वहीत हात घालावा लागतो. ज्यांनी आपली वर्तमानपत्रं वाचली नाहीत, त्यांनी आपली भाषणं मात्र इमानेइतबारे ऐकली.

बाबासाहेबांना हे कळत नव्हतं? पुरतं कळत होतं. म्हणून तर मार्च १९४७ मध्ये त्यांनी संविधान सभेपुढं 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन ठेवलं, त्यात मूलभूत हक्कांच्या यादीत एक कलम घातलं. माणसाचं अंग, घर, कागदपत्रं आणि चीजवस्तू यांची वाजवी कारणाशिवाय झडती घेता येणार नाही, जप्ती करता येणार नाही, सबळ कारण असल्याशिवाय वॉरंट निघणार नाही. असं कलम मुन्शींच्याही मसुद्यात होतं. संविधान सभेचे सल्लागार बी. एन. राव यांनी हरकत घेतली की कोर्टाच्या वॉरंटाशिवाय झडतीच नाही असं ठरलं, तर पोलिसांच्या तपासाला अडचण होईल. कलम गेलं. पोलिसांची अडचण टळली. आपली अडचण तेव्हापासून चालू आहे.

म्हणून पोरांनो, खाजगीपणा हा बंगल्यातून आलेला शब्द नाही. गावकुसाबाहेर जन्मलेल्या माणसानं त्याचं कलम लिहिलं होतं. आपल्या घराला दार नसेल, तर त्या दाराची मागणी आपणच आधी करायला पाहिजे.

आता दुसरं बोलणं. मी काही केलं नाही, मला कशाची भीती?

खडकसिंग नावाच्या माणसाची गोष्ट ऐका. उत्तर प्रदेशातला हा माणूस. १९४१ ला दरोड्याच्या प्रकरणात पकडला. पुरावा नव्हता म्हणून सोडला. सोडला, पण पोलिसांनी त्याच्या नावाचं हिस्ट्रीशीट उघडलं. मग रात्री-बेरात्री शिपाई आणि चौकीदार दारात. झोपेतून उठवायचं, आरडाओरडा करायचा, आत घुसायचं. त्यानं सुप्रीम कोर्ट गाठलं. डिसेंबर १९६२ मध्ये निकाल लागला की रात्री घरात घुसणं घटनाबाह्य. पण पाठलाग करायला, येण्याजाण्यावर डोळा ठेवायला हरकत नाही, कारण आपल्या घटनेत खाजगीपणाचा हक्कच नाही! न्या. सुब्बा राव आणि न्या. शहा वेगळं बोलले, पण ते दोघेच होते. ही चूक दुरुस्त व्हायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडला. नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं, खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. बाबासाहेबांच्या निवेदनानंतर सत्तर वर्षांनी. त्या निकालात त्यांच्या या कलमाचा उल्लेख आहे.

खडकसिंगनं काय केलं होतं? कोर्टात सिद्ध झालेलं काहीच नाही. तरी त्याचा कागद ठाण्यात होता. मे २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाला पुन्हा सांगावं लागलं की हिस्ट्रीशीटं मागासलेल्या, दलित-आदिवासी समाजांतल्या निरपराध माणसांवर पूर्वग्रहानं उघडली जातात, राज्यांनी हे थांबवावं. सर्वोच्च न्यायालयाला हे २०२४ साली दिसलं. आपल्या आयांना ते कधीच दिसलं होतं. वस्तीत चोरी झाली की पहिलं दार कुणाचं वाजतं, हे सांगायला कोर्ट लागत नाही.

आणि आता कागदाची जागा यंत्रानं घेतली आहे. २०२२ साली कैद्यांच्या ओळखीचा १९२० चा इंग्रजी कायदा गेला आणि नवा आला. बोटांचे ठसे, तळव्यांचे ठसे, डोळ्यांची बुबुळं, सही, हस्ताक्षर, रक्ताचे नमुने, सगळं पोलीस घेऊ शकतात. शिक्षा झालेल्याचंच नाही, नुसती अटक झालेल्याचंही. शरीराचे नमुने नाकारायची थोडी सवलत काही गुन्ह्यांत आहे. नोंद ठेवायची ७५ वर्षं. निर्दोष सुटलात तर पुसायची तरतूद आहे, पण सगळी अपिलं संपल्यावर. हिशेब करा. अठरा वर्षांचा पोरगा मोर्चात धरला, तर त्याची बुबुळं तो त्र्याण्णव वर्षांचा होईपर्यंत सरकारच्या तिजोरीत. गुन्हेगार जमातीची वही तरी जळू शकत होती.

भीमा-कोरेगावच्या खटल्यात काय झालं? आनंद तेलतुंबडे यांना त्यांच्या फोनवर पेगॅसस सोडल्याची सूचना २०१९ मध्ये मिळाली होती. १४ एप्रिल २०२० ला, ऐन जयंतीच्या दिवशी, त्यांना अटक झाली. अडीच वर्षांनी मुंबई हायकोर्टानं जामीन दिला. याच खटल्यातल्या रोना विल्सन यांच्या संगणकात कुणीतरी बाहेरून घुसून फायली ठेवल्या, असं अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंगनं २०२१ मध्ये तपासून सांगितलं. तपास यंत्रणेनं ते मानलं नाही. पेगॅससवर सुप्रीम कोर्टानं समिती नेमली. २९ फोन तपासले, पाचांत घातक सॉफ्टवेअर सापडलं, ते पेगॅससच का हे ठरलं नाही, आणि सरकारनं समितीला सहकार्य केलं नाही. हे सरन्यायाधीशांनीच ऑगस्ट २०२२ मध्ये भर कोर्टात सांगितलं. मग सांगा, मी काही केलं नाही या वाक्याचा आधार काय? खबऱ्या नुसता ऐकत होता तोवर एक होतं. खबऱ्याला आता तुमच्या खिशात बसून तुमच्या नावानं लिहिताही येतं.

हे सगळं पुढाऱ्यांपुरतं आहे असं वाटतंय? मग २०२० पर्यंत नागपूर, चंदीगड, पंचकुला इथं काय झालं ते ऐका. सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली. झाडू कुठं आहे, बाई कुठं थांबली, किती वेळ थांबली, सगळं साहेबाच्या पडद्यावर. बाया म्हणाल्या, मुतारीत जायची लाज वाटते, आत कॅमेरा असला तर? ज्या नागपुरात १९५६ ला लाखोंनी गुलामीचा धर्म फेकला, त्याच नागपुरात झाडूवाल्याच्या हाताला हजेरीची नवी बेडी. घड्याळ मुकादमाच्या हाताला का नाही? आयुक्ताच्या का नाही? ठेकेदाराच्या का नाही? गटारात माणूस गुदमरून मरतो तेव्हा कुठला उपग्रह बघत असतो? यांना आपल्या जिवाची खबर नको, आपल्या पायांची खबर पाहिजे.

म्हणून मी म्हणतो, हा लढा उसना घेऊ नका. तो आपलाच आहे. मागण्या साध्या आहेत. फोन ऐकायची परवानगी आज गृहसचिव देतो आणि ती तपासणारी समितीही सचिवांचीच. ती परवानगी न्यायाधीशानं दिली पाहिजे. २०२३ च्या माहिती संरक्षण कायद्यानं सरकारला हव्या त्या खात्याला सूट द्यायची मोकळीक ठेवली आहे, ती काढली पाहिजे. ठाण्यातली हिस्ट्रीशीटं तपासून निरपराध माणसांची नावं खोडली पाहिजेत. कामगाराच्या अंगावर बांधलेलं प्रत्येक यंत्र युनियनला विचारल्याशिवाय चालणार नाही.

आणि वस्तीवस्तीत आपण एक काम करायचं. ठाण्यात कुणाला बोलावलं की एकट्यानं जायचं नाही. कशासाठी बोलावलं ते लेखी मागायचं. फोन मागितला तर कुठल्या कायद्याखाली ते विचारायचं, घेतलाच तर पंचनामा मागायचा. चार वकिलांचे नंबर भिंतीवर लिहून ठेवायचे. त्यांच्याकडं आपली नोंद आहे ना? मग आपणही त्यांची नोंद ठेवू. कोण आलं, किती वाजता आलं, काय बोललं. तारखेसकट.

दीडशे वर्षं त्यांनी आपली हजेरी घेतली. आता त्यांची घ्यायची पाळी आपली.

जय भीम!