सुभद्रेची झोप

गर्भसंस्कार वर्गाच्या माहितीपत्रकात अभिमन्यू हमखास भेटतो. पोटात असतानाच तो चक्रव्यूह भेदायला शिकला. तेव्हा तुम्हीही उशीर करू नका, असा त्याचा सांगावा. पुढची गोष्ट पत्रकात येत नाही. सुभद्रेला झोप लागली आणि धडा अर्धा राहिला. पिढ्यान्‌पिढ्या आपण तिच्या त्या डुलकीबद्दल हळहळत आलो. गरोदर बाईला युद्धशास्त्र ऐकवत बसणाऱ्याने मध्येच थांबून ती दमली आहे का, हे विचारायला हवे होते, असे मात्र कोणी म्हणत नाही.

आजच्या वर्गातही सतरंजीवर बाई बसते आणि विद्यार्थी पोटातला असतो. मंत्र, वीणा, गणिती कोडी, गोंडस बाळांची चित्रे हे सगळे त्याच्या बुद्धीसाठी आणि रूपासाठी. म्हणून तर घरातून शुल्क खुशीने मिळते. आईने प्रसन्न राहायचे, तेही त्याच्यासाठी. चिडायचे नाही, रडायचे नाही. उद्या मूल किरकिरे निघाले तर बोट कोणाकडे जाणार, हे ठरलेलेच आहे. चार जणी भेटतात, आसनांनी पाठ मोकळी होते, हा फायदा नाकारायचे कारण नाही. पण तिचे स्वतःचे प्रश्न तिने कुठे विचारायचे?

ते प्रश्न साधे आहेत. खऱ्या कळा ओळखायच्या कशा? पाणी गेले तर लगेच निघायचे का? बाळाची हालचाल मंदावली तर सकाळपर्यंत वाट पाहायची का? आणि ‘सिझर करावे लागेल’ असे सांगितले, तर डॉक्टरांना काय विचारायचे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या खासगी रुग्णालयांतली ४७.४ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झालेली दिसली. सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के. एवढा फरक केवळ बायकांच्या प्रकृतीमुळे पडत नसतो. त्याच पाहणीत ८८.६ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाली, पण जन्मानंतर तासाभरात अंगावरचे दूध मिळालेली मुले ४१.८ टक्केच. सलाइन लावलेल्या हाताने, टाक्यांच्या ठणक्यात, ‘बाळ माझ्याजवळ द्या’ असे म्हणायचे तर ते आधीच कोणीतरी सांगून ठेवलेले असावे लागते.

बरे, वर्गाचे वेळापत्रकही तिला धरून नाही. तिसऱ्या महिन्यात नाव घालायचे, सातव्यात डोहाळजेवण आणि मग पहिलटकरीण निघाली माहेरी. वर्ग पुण्यात, बाळंतपण लातूरला. कळांबद्दल बोलायची वेळ येते तेव्हा तिची जागा रिकामी असते. नोकरी करणारीला २६ आठवड्यांची रजा आहे. त्यातले जास्तीत जास्त आठ बाळंतपणाआधी घेता येतात. तेही ती बाळासाठी राखून ठेवते आणि नववा लागला तरी कामावर जाते. तिला दुपारचा वर्ग काय उपयोगाचा?

शुल्क परवडत नाही तिची गोष्ट निराळी आहे आणि खरे तर सोपी आहे. पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. बायका सकाळीच येतात. वजन, रक्तदाब, रक्त, सोनोग्राफी, प्रत्येक ठिकाणी रांग. समुपदेशन योजनेत आहे. प्रत्यक्षात बहुधा ‘गोळ्या घ्या, पालेभाज्या खा’ एवढ्यावर ते आटोपते. वेगळे सभागृह नको, जाहिरात नको. वर्ग बाकावर आयताच भरलेला आहे. शिकवणारी नर्सही तिथेच आहे. तरीही प्रसूतिकक्ष आतून कसा असतो, हे बाईला थेट कळा देतानाच दिसते.

सरकारी रुग्णालयात कळांच्या वेळी सोबतीला एक अनुभवी बाई, शक्यतो घरातली, ठेवू द्यावी, अशी मुभा केंद्राने त्याच वर्षी, २०१६ मध्ये, दिली. येत्या ९ तारखेला कुठल्याही ग्रामीण रुग्णालयात जाऊन बाकावरच्या किती जणींना ती ठाऊक आहे, एवढे आरोग्य खात्याने मोजावे.