एक गदा, दोन केसरी

उत्तर कलकत्त्यातील गोवाबागानात गोबर गुहा यांच्या आखाड्याचे नाव आजही आदराने घेतले जाते. १९२१ साली या बंगाली मल्लाने सॅन फ्रान्सिस्को येथे अॅड सँटेल यास हरवून कुस्तीतील लाइट हेवीवेट गटाचे जागतिक अजिंक्यपद मिळविले. किताब ज्याच्यापाशी होता त्याच्यासमोर जाऊन गोबरबाबू उभे राहिले. घरच्या घरी दुसरी स्पर्धा भरवून जगज्जेता म्हणवून घेण्याची युक्ती त्यांना सुचली नाही.

ही युक्ती सुचली ती आम्हां महाराष्ट्रीयांना! 'तुमचा महाराष्ट्र केसरी कोण?' असे कचेरीतील एखाद्या बंगाली सहकाऱ्याने सहज विचारले, तर 'कोणत्या संघटनेचा?' असा उलट प्रश्न आपणांस करावा लागतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये फुलगाव येथे सिकंदर शेख यांनी शिवराज राक्षे यांना हरवून गदा घेतली. आणि त्याच महिन्यात धाराशिव येथे दुसऱ्या संघटनेच्या मैदानात तेच राक्षे हर्षवर्धन सदगीर यांना हरवून महाराष्ट्र केसरी झाले. २०२५ मध्ये पुन्हा तेच. फेब्रुवारीत अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ, मार्चमध्ये कर्जतला वेताळ शेळके. १९६१ पासून चालत आलेला किताब एक. त्याचे धनी मात्र दोन. एकाच खुर्चीवर दोन अधिकाऱ्यांच्या नेमणुकीचे हुकूम निघाले, तर आपण त्यास बढती म्हणू की गोंधळ?

मुष्टियुद्धाच्या जगात हा रोग जुना आहे. तेथे चार संस्था आणि चार पट्टे आहेत. पण त्या जगालाही एक गोष्ट कळते : दोन अपराजित जेते असतील, तर त्यांची जोड लागलीच पाहिजे. महंमद अलीचा किताब १९६७ साली रिंगणात नव्हे, कागदावर हिरावला गेला. पुढे जो फ्रेझर जेता ठरला, तरी लोकांच्या मनातील शंका फिटेना. ती फिटली ८ मार्च १९७१ रोजी न्यूयॉर्कमध्ये, पंधरा फेऱ्यांनंतर. अली हरला. म्हणून तो लहान झाला काय? १९७४ साली त्याने किताब पुन्हा जिंकला. १९८८ साली टायसन व स्पिंक्स हे दोघे अपराजित वीर ९१ सेकंदांत निकालास पोचले. मे २०२४ मध्ये रियाध येथे उसिकने फ्यूरीला हरविले, तेव्हा १९९९ नंतर प्रथमच हेवीवेट गटास एकच निर्विवाद जेता लाभला. पुढच्याच महिन्यात त्यास एक पट्टा सोडावा लागला, हे खरे. त्यात दोष संस्थांच्या हेव्यादाव्यांचा होता, लढतीचा नव्हे.

'दोन स्पर्धांमुळे अधिक मल्लांना संधी मिळते,' असे समर्थन ऐकू येते. दोन काय, दहा स्पर्धा भरवा. आमची ना नाही. पण नाव एकच का? वर्षानुवर्षे पहाटे उठून जोर-बैठका मारणाऱ्या, घरच्यांच्या पोटाला चिमटा घेऊन खुराक घेणाऱ्या मल्लाच्या हाती तुम्ही गदा देता आणि तिच्याबरोबर कायमची शंकाही देता. अन्याय होतो तो पराभूतावर नव्हे, विजेत्यावरच. त्याने सर्वांना हरविले. पण ज्याला हरवायचे होते, तो दुसऱ्याच मैदानात होता. मल्लाची उमेदीची वर्षे थोडी. संघटनांच्या वादाला मात्र वय नसते.

म्हणून आमची मागणी साधी आहे. संघटना एक व्हायच्या तेव्हा होवोत. तोवर दरवर्षी दोन्ही विजेत्यांची एकाच मैदानात, दोहोंस मान्य अशा पंचांसमोर कुस्ती लावा. आणि जो जिंकेल त्यालाच महाराष्ट्र केसरी म्हणा. आपल्या खेड्यांतील जत्रांत निकाली कुस्तीचा मान मोठा. बरोबरीत सोडविलेल्या जोडीवर प्रेक्षक नाराज होतात, हे आपण लहानपणी पाहिले आहे. येथे तर जोड लावण्याचीच कोणाची छाती होत नाही!

वाचकहो, रजेवर गावी जाल तेव्हा दोन्ही केसरींचा सत्कार अवश्य करा. पण हार घालताना व्यासपीठावरील पुढाऱ्यांना एवढे विचारा : या दोघांची कुस्ती केव्हा?